भैरूच्या कानांची परीक्षा

स्वप्नाली पुण्याला नेमकं काय शिकते, हे विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या धनगरवाड्यात कुणालाही धड सांगता यायचं नाही. डॉक्टर व्हणार का? न्हाई. मग नर्स? तेबी न्हाई. तिची आई धोंडाबाई विचारणाऱ्याला ठसक्यात सांगायची, "माजी पोर ऐकायचं आन् बोलायचं शिकतीया. चार वर्सं हायेत." यावर शेजारची अंबूबाई म्हणायची, "अगं, तिला बोलायचं काय शिकवायचं! पाळण्यात हुती तवापासनं तोंडाचा पट्टा चालूच हाय की."

खोटं नव्हतं ते. भोरला वसतिगृहात राहून बारावी सायन्स करतानाही स्वप्नालीचं तोंड बंद नसायचं. पण पुण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गेली आणि पोरगी आणखीच बिघडली. घरी आली की कुणाचाही जबडा धरून जीभ कुठं लागते ते बघायची. तिचा थोरला भाऊ बिरू भाकरी खाता खाता एकदम ओरडला, "ए बये, मला गिळू दे की आदी!" तरी हिचं आपलं चालूच. मूल बोलायला कसं शिकतं, आधी कानात किती साठवतं, मग तोंडातून एक शब्द कसा बाहेर पडतो, हे सांगताना तिचे डोळे नुसते चमकायचे. त्या घरात शिक्षणाबद्दल इतका आनंद कुणाला झालेला कुणी पाहिला नव्हता.

आणि त्याच घरात बिरूचा अडीच वर्षांचा भैरू अजून एक शब्द बोलत नव्हता.

धोंडाबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. "ह्याचा बापबी उशिरानंच बोलला. आन् बोलून तरी काय दिवं लावलं?" नवरा गेल्यापासून घर तिच्याच शब्दावर चालायचं, त्यामुळं विषय तिथंच मिटायचा. पोराला ऐकू येत नसेल असं कुणी म्हटलं, तर ती अंगावर धावून जायची. पोर मागं वळून बघतं की! शेळ्या डोंगर उतरायला लागल्या की घरातल्या कुणाच्याही आधी ते पोर दाराकडं बघायचं. खाली रस्त्यावर टेम्पो आला तरी त्याला कळायचं. मग कान कसले खराब?

स्वप्नालीला मात्र वर्गात शिकलेली एक गोष्ट झोपू देत नव्हती. पोराला ऐकू येत नसलं तर ते लवकर ओळखावं लागतं. बोलणं शिकायची खरी वर्षं पहिलीच. ती गेली की मग पोर कितीही हुशार असो, फार झगडावं लागतं. भैरूची ती वर्षं चालली होती, एकेक करून.

गणपतीच्या सुट्टीत ती घरी आली आणि तिनं अंगणात परीक्षाच घेतली. भैरू खेळत बसला होता. वहिनीच्या, म्हणजे आरतीच्या हातात मोबाईल देऊन तिला शूटिंग करायला लावलं. स्वतः पाठीमागं लांब उभी राहिली, सावलीसुद्धा पुढं पडणार नाही अशी, आणि शेळीच्या गळ्यातलं घुंगरू हलवलं. भैरू वळला! परत हलवलं, परत वळला. स्वप्नालीनं उडीच मारली. धोंडाबाई पदर खोचून म्हणाली, "झालं समादान? का आणखी चार वर्सं शिकायचंय?"

पुण्याला परत आल्यावर तिनं मोठ्या हौसेनं तो व्हिडिओ मैत्रिणींना दाखवायला काढला. माझा भाचा बघा, किती गोड वळतो! एकदा दाखवला, दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा तिची नजर भैरूवरून घसरली आणि शेजारी लोळत पडलेल्या कुत्र्यावर गेली. घरचा खंड्या. घुंगरू वाजलं की आधी खंड्याचे कान उभे राहत होते. खंड्या मान वळवत होता. आणि मग, त्याच्याकडं बघून, भैरू मान वळवत होता.

"अगं आई गं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतल्या पोरी धावत आल्या. तशीच ती चप्पल न घालता कॉलेजातल्या सुलक्षणा मॅडमकडं पळाली. "मॅडम, तो नाही ऐकत! कुत्रा ऐकतो! हा कुत्र्याचं बघून वळतो!"

मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग हसल्या, पण डोळ्यांत काळजी होती. "पोरगं फार हुशार आहे गं. ऐकणारा एक कान त्यानं शेजारी बसवून घेतलाय. आता कुत्रा नसताना बघ. आणि लगेच बघ."

धनगराचं पोर कुत्र्याच्या अंगाखांद्यावरच वाढतं. शेळ्या आल्याची वर्दी खंड्या देणार, टेम्पो आल्याची खंड्या देणार, आणि सगळं घर समजणार की पोराचे कान तिखट आहेत. अशी फसगत दुसऱ्या कुणाच्या घरात झाली असती का, सांगा.

रविवारी ती पहिल्या एसटीनं निघाली. घरी येऊन सांगितलं तर धोंडाबाई भडकली. "म्हंजी माजा नातू कुत्र्याच्या अकलंनं चालतोय व्हय?"

"आये, भांडू नकोस. तूच परीक्षा घे. फकस्त खंड्याला गोठ्यात बांद."

बिरूनं कुत्र्याला नेऊन बांधलं. भैरू आरतीसमोर दगड रचत बसला. धोंडाबाईनं स्वतः परात घेतली, त्याच्या पाठीमागं गेली आणि लाटणं हाणलं. अंबूबाई आपल्या दारातून ओरडली, "काय झालं गं?" गोठ्यातून खंड्या भुंकला. भैरू दगडावर दगड ठेवत होता.

धोंडाबाईनं आणखी जोरात हाणलं. मग आणखी. शेवटी तिनं परात खाली ठेवली आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं ते वळून तिच्याकडं बघून हसलं. तिनं त्याला उचलून कडेवर घेतलं. "सपने," ती म्हणाली, "कुठं न्यायचं त्येला? आजच नेऊ."

मॅडमनी पुढची तारीख दिली, आणि पुण्याच्या कॉलेजातल्या त्या तपासणीची मोठी गंमत झाली. त्यात पोर गाढ झोपलेलं लागतं. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन दाखवतं. म्हणून स्वप्नालीनं फोनवर बिरूला बजावलं होतं, "दादा, गाडीत पोराला अजिबात झोपू देऊ नगंस." बिरूनं वेल्ह्याच्या एसटीत स्वारगेटपर्यंत पोराला गुदगुल्या केल्या, खिडकीतनं म्हशी दाखवल्या, वाकुल्या दाखवल्या. तपासणीच्या खोलीत पोचल्यावर बिरू खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला आणि भैरू टक्क जागा! मॅडम हसून हसून बेजार. अखेर आरतीनं पोराला मांडीवर घेतलं, थोपटलं, आणि बापापाठोपाठ लेकही झोपला.

निकाल स्पष्ट होता. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येत होतं. पण कानांना मशीन लावलं तर ऐकू येईल, आणि वेळ अजून गेलेली नाही. "गेलेली नाही" हे तीन वेळा विचारून घेतलं स्वप्नालीनं, आणि बाहेर येऊन आरतीच्या गळ्यात पडली.

कानांत मशिनं बसली तेव्हा भैरूनं काय करावं? हसावं? छे! त्यानं असं भोकाड पसरलं की सगळा मजला गोळा झाला. जन्मात पहिल्यांदा इतका गलका कानात शिरल्यावर दुसरं काय करणार बिचारा! घरी गेल्यावर एक मशीन तर त्यानं काढून चाऱ्यात फेकलं. सगळ्यांनी मिळून चाऱ्याची अख्खी गंज उपसली. धोंडाबाईनं वैतागून कपाळाला हात लावला, पण मशीन काढून ठेवू असं मात्र एकदाही म्हणाली नाही.

पुढचं काम आरतीचं. स्वप्नाली रोज फोनवरून शिकवायची, आरती करायची. भाकरी थापताना 'भाकरी' म्हण. पाणी ओतताना 'पाणी' म्हण. त्याच्या तोंडासमोर बसून म्हण. थकू नको. तो काही बोलणार नाही, तरी म्हण. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. भैरू आवाज आला की डोळे मोठे करायचा, मशीन स्वतःहून मागायला लागला. पण ओठांतून शब्द काही फुटेना. आरती एकदा फोनवर रडलीच. "ताई, माझं काय चुकतंय?" "वहिनी, काय बी चुकत न्हाई. त्याचं साठवणं चाललंय," असं स्वप्नाली ठासून म्हणाली आणि फोन ठेवल्यावर स्वतःही रडली. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, पण ते आपल्याच घरात खरं ठरेपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही.

मे महिन्यात ती सुट्टीला आली. दुपारची वेळ. आरतीनं अंगणात नाचणी वाळत घातली होती. शेळ्या नुकत्याच वरच्या टेपाच्या चढावर गेलेल्या. बिरू आत जेवायला बसलेला. आणि बाहेरून हाक आली, "ह्योऽऽ!"

बिरू शेळ्या माघारी बोलवताना अगदी अशीच हाक मारायचा. पण बिरू तर समोर ताटावर होता. घास हातातच राहिला त्याचा. "कोन हाकारतंय?"

सगळी दाराशी धावली. अंगणाच्या कडेला भैरू उभा, टेपाकडं तोंड करून. "ह्योऽऽ!" वर पुढच्या शेळ्या थबकल्या. माना वळवल्या. आणि चक्क उतरायला लागल्या!

"घ्या!" आरती एका डोळ्यानं हसत, एका डोळ्यानं रडत म्हणाली. "म्हैनंम्हैनं आई आई शिकवतीया, आन् पोरानं पयली हाक मारली ती शेरडांला!" स्वप्नालीला तर काय बोलावं तेच सुचेना, आणि तिच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं.

बिरू खरकट्या हातानं उंबऱ्यातच उभा होता, पोराच्या पाठीमागं. त्यानं घसा साफ केला आणि हळूच, भीत भीत हाक दिली, "ह्योऽऽ..."

भैरू गर्रकन वळला. बापाकडं बघून त्यानं तशीच हाक परत मारली.

"आरं, मागनं हाक मारली आन् वळला की रं माजा वाघ!" धोंडाबाई टाळ्या पिटत ओरडली. मग काय विचारता! बिरू हाक मारतोय, पोरगं उत्तर देतंय, बाप अंगणाच्या या टोकाला पळतोय, पोरगं त्या टोकाला. हाकांवर हाका ऐकून बिचाऱ्या शेळ्या गोंधळल्या आणि सगळ्याच्या सगळ्या अंगणात घुसल्या. त्या दुपारी त्यांनी अर्धी नाचणी फस्त केली, आणि घरातल्या एकानंही त्यांना 'हाड्' म्हटलं नाही.