हॅनाच्या खोलीच्या तुळया

आमच्या घरातला नळ, जिना, छपराची पन्हळ, सगळं एल्वुड हॅवर्थने दुरुस्त केलेलं आहे. आमच्या वेस्ट विंडसर गावाच्या पलीकडे त्याचं शेत आहे, मका आणि भोपळ्यांचं. चहूबाजूंनी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची घरं उठली तरी त्याने ते विकलं नाही. नुसत्या भोपळ्यांवर भागत नाही म्हणून तो लोकांच्या घरची मोडतोड सांधत फिरतो. पंचाहत्तरी गाठली तरी शिडीवर चढतो आणि मी ओरडले की हसतो.

तो क्वेकर आहे. हे लोक ख्रिस्तीच, पण यांच्यात पाद्री नाही की घंटा नाही. रविवारी एका साध्या लाकडी सभागृहात तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही उमटलं तर उभं राहून बोलायचं, नाहीतर घरी जायचं. युद्ध त्यांना मान्य नाही. व्हिएतनामच्या वेळी एल्वुडने बंदूक धरायला नकार दिला आणि त्याबदल्यात दोन वर्षं इस्पितळात रुग्णांची शौचाची भांडी उचलली. कोर्टातसुद्धा ही मंडळी शपथ घेत नाहीत. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायची सवलत घेतल्यासारखं होतं, असं एल्वुड म्हणायचा. असा माणूस नळ बघून ‘अजून चालेल’ म्हणाला की मी दुसऱ्या कुणाला विचारत नसे.

म्हणूनच पुढचं सांगताना अजून माझा जीव कसानुसा होतो.

गेल्या वर्षी आमच्या मराठी शाळेची जागा गेली. मी तिथे दर रविवारी शिकवते. सप्टेंबरच्या आत खोली मिळाली नाही तर शाळा बंद, इतकं सरळ होतं. एल्वुडच्या सभागृहामागे एक मोठी खोली कित्येक वर्षं रिकामी पडली होती. त्याची बायको हॅना तिथे क्वेकर मुलांना शिकवायची. ती वारली, मुलंही येईनाशी झाली. एल्वुडचा स्वतःचा मुलगा ओरेगनला गेला तो परत फिरकलाच नाही. ती खोली मी मागितली.

क्वेकर मतदान करत नाहीत. एकाचंही मन तयार नसेल तर सगळे थांबतात. आमच्या मराठी मंडळात तेवढ्या वेळात फूट पडून दोन मंडळं झाली असती! बैठकीला मीही होते. सगळ्यांचे चेहरे होकाराचे दिसत होते, तेवढ्यात एल्वुड उभा राहिला.

“त्या खोलीच्या जमिनीखालच्या तुळया कुजल्यात,” तो म्हणाला. “चाळीस मुलांचं वजन पेलणार नाही.”

झालं, विषय संपला. त्याच्या शब्दावर शंका घेणार कोण?

पण आमच्या शाळेतल्या एका मुलीचा बाप उल्हास इंजिनिअर आहे, तो ऐकतोय कशाला! “तुळया बदलू यार, त्यात काय? वीकेंडला सगळे मिळून फिक्स करू,” म्हणाला. क्वेकरांनाही ते पटलं. एल्वुड म्हणाला, मी एकटा करीन, वेळ लागेल. कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर माझ्याकडे कामाला आला की तो चहासुद्धा न घेता निघायचा. मला वाटलं, दमला असेल.

ठरलेल्या शनिवारी आमच्या शाळेतल्या मुलांचे आईबाप हातमोजे चढवून हजर झाले, नवी लाकडं आली, बटाटेवड्यांचे ट्रे आले. क्वेकरही सगळे जमले. एल्वुडने गुडघे टेकून पहारीने पहिली फळी उचकटली. उल्हासने आत टॉर्च मारला.

“एल्वुड, दिस वन इज सॉलिड!”

एल्वुडने पुढची फळी उचकटली. तिच्याखालची तुळईही खणखणीत. मग आणखी एक. उल्हास आपला उत्साहात विचारतोय, “ओके, व्हिच वन इज बॅड?” आणि आम्ही सगळे वाकून बघतोय. एल्वुडची मान लाल झाली. त्याने पहार खाली ठेवली.

“कुठलीच नाही,” तो म्हणाला. “मीच बसवल्यात या. मला माहीत होतं. आमची मुलं इथे आली नाहीत आणि तुमची चाळीस येणार, हे मला बघवेना. तेही हॅनाच्या खोलीत. मी खोटं बोललो.”

क्वेकर मंडळी भिंतीकडेच्या बाकांवर बसली आणि गप्प झाली, त्यांची रीतच ती. बऱ्याच वेळाने त्यांच्या बैठका चालवणारी रूथ म्हणाली, “थँक यू, फ्रेंड. मग खोली मुलांना द्यायला आता कुणाची हरकत?” कुणाचीच नव्हती. एल्वुडनेही हरकत नाही म्हणून मान हलवली. उचकटलेल्या फळ्यांमध्ये तो गुडघ्यांवर तसाच होता, मेल्याहून मेल्यासारखा. मग उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला.

समजूत घालावी म्हणून मी त्याच्या मागे गेले. पण त्याच्या पिकअपपाशी पोचले आणि माझाच भडका उडाला.

“माझ्या किचनमध्ये उभा राहून तू माझ्याशी बोलत होतास, आणि हे पोटात ठेवून? शाळा बंद होणार म्हणून माझ्या वर्गातली छोटी आन्या रडली. नको होतं तर नको म्हणायचंस! हेवा वाटतो म्हणायचंस, मी समजून घेतलं असतं. लाज नाही वाटली?”

“वाटली,” तो म्हणाला. “रोज.”

त्याचे डोळे भरले होते. म्हातारा माणूस, फारच बोलले, असं वाटून मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

“थांबू नकोस, अजून बोल,” तो म्हणाला. “आत सगळे मला माफ करून बसलेत. तिथे मला जाववत नाही.”