भूकंपवाली

"ही आमची भूकंपवाली," आमच्या कॉलेजातले सर पाहुण्यांना म्हणाले. "लई हुशार हाय. सांग गं ह्यांना, कसं झालतं."

माझ्या तोंडात पुरीचा घास होता.

लातूरला भौतिकशास्त्राची परिषद होती. दुपारी मोठे संशोधक विद्यार्थ्यांसोबत जेवणार, अशी सोय केलेली. टेबलाला एक संशोधक, भोवती आम्ही पाच-सहा जण. भाषण नाही, फळा नाही. जेवता जेवता मनातलं विचारायचं. मठ्ठा आला की संशोधकांनी उठून पुढच्या टेबलावर जायचं.

मी नांदेडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या टेबलावर पुण्याचे भूकंपतज्ज्ञ येणार, हे कळल्यापासून एकच प्रश्न घोकत होते. बाकीची मुलं लातूरच्या क्लासमधून तयार झालेली. बसताच एकाने विचारलं होतं, "कोणता क्लास केलास?"

"नाही केला."

"मग इथं कशी?"

त्याचं उत्तर सरांनी परस्पर दिलं. भूकंपवाली.

माझा प्रश्न असा होता. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. आम्हा बौद्धांची शेडं रांगेच्या टोकाला. लहान धक्के येतच होते. दर वेळी आधी पत्रा थरथरायचा, मग जमीन हलायची. तेवढ्यात आई माझा हात पकडायची. हे मधलं अंतर कधी कमी, कधी जास्त. त्यावरून धक्का किती लांबून आला हे काढता येईल का?

पण पाहुण्यांनीच आधी विचारलं, "तू आत होतीस? घरातलं कोण गेलं?"

मी सांगितलं. धाकटी बहीण शेजारी झोपली होती. भिंत अंगावर आली. अंधारात तिचा हात माझ्या हातात होता. तो गार कधी पडला ते मला कळलं होतं. हेसुद्धा सांगितलं. आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग एकाने माझ्यासमोरची जिलेबीची ताटली स्वतःकडे ओढली. "फार वाईट," पाहुणे म्हणाले. मठ्ठा आला. ते उठले.

प्रश्न राहिला.

सर वाकून हळूच म्हणाले, "चल, त्या टेबलावर पण सांग. दिल्लीचे सर हायत तिथं. हात धरल्याचं सांग, इसरू नको."

मी उठले होते. लाज वाटते ती याचीच. नुसती उठले नव्हते, कुठून सुरुवात करायची ते मनात जुळवतही होते. भिंत आधी की हात आधी.

मग माझं मलाच ऐकू आलं.

"न्हाई सांगणार, सर."

"का गं?"

"मला प्रश्न विचारायचाय."

"प्रश्न विचारायला ही पोरं हायत ना. तुझं येगळं हाय."

मी त्या टेबलापाशी गेले आणि उभ्याउभ्या मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारला. दिल्लीचे पाहुणे पूर्ण ऐकत होते. तेवढ्यात मागून सर आले आणि त्यांना म्हणाले, "भूकंपात बहीण गेली तिची. तेव्हापासून असंच करते."

पाहुण्यांनी मान हलवली. दयेने. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि शेजारच्या मुलाकडे वळले.

मी हात धुतला आणि बाहेर पडले. उत्तर पुढे नांदेडच्या ग्रंथालयात मिळालं. काढता येतं. साधं गणित आहे. पाहुण्यांना ते जेवता जेवता सांगता आलं असतं.

आता मी शिकवते. अशी जेवणं आमच्या कॉलेजातही होतात, आणि टेबलं मी लावते. पाहुण्यांना बसण्याआधी मी एक गोष्ट बजावते. मुलांना आईबाप काय करतात, घरात कोण मेलं, कुठल्या सवलतीत आलात, हे विचारायचं नाही. आधी त्यांचा प्रश्न ऐकायचा. गेल्या खेपेला एक पाहुणे म्हणाले, "मॅडम, जरा माणुसकीनं चौकशी केली तर काय बिघडलं?" त्यांना मी टेबलावरून उठवलं. ते पुन्हा आले नाहीत. न येवोत.

बहिणीचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. ते कुणाला ताटासोबत मिळणार नाही.