उजवं मनगट

वडवणीच्या बाजारात वांगी निवडत होतो, तेव्हा पहिल्यांदा छाती आवळून आली. भाजीवालीनं पाणी दिलं, घटकाभर बसलो, बरं वाटलं. पण त्या आठवड्यात तसंच आणखी तीनदा झालं आणि मी बीडला डॉक्टरांकडे गेलो.

"अँजिओग्राफी करू. अडथळा निघाला तर लगेच स्टेंट टाकू," ते म्हणाले. "मनगटातून करतो, सर. काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी घरी."

माझ्या बायकोची अँजिओग्राफी बऱ्याच वर्षांपूर्वी झाली होती. तेव्हा जांघेतून करायचे. नंतर दिवसभर तिला उताणी झोपवलं होतं, जांघेवर वाळूची पिशवी ठेवून. पाय हलवायचा नाही. मी उशाशी बसून होतो. तिला चमच्यानं पाणी पाजलं, पाठ अवघडली की कमरेखाली हात घालून चोळली, आणि दर थोड्या वेळानं म्हणत राहिलो, "पाय हलवू नको गं." शेवटी ती चिडून म्हणाली, "तुमी जरा गप बसता का?" ती गेली त्याला आता पाच वर्षं झाली. त्या दुखण्यानं नाही, दुसऱ्याच.

रात्री मुलाचा पुण्याहून फोन आला. त्यानं आधीच सगळं वाचून काढलं होतं.

"बाबा, मनगटातून म्हणजे काहीच नाही. लगेच उठून बसता येतं. मी येऊ का?"

येतो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. येऊ का म्हटल्यावर मी म्हणालो, "कशाला? रजा कशाला घालवतोस?"

"नक्की ना?"

"नक्की."

पिशवीत टॉवेल, तांब्या आणि जुने कागद घालून मी सकाळच्या एसटीनं एकटाच निघालो.

दवाखान्यात संमतीच्या कागदावर अडलं. नातेवाइकाची सही पाहिजे होती. मी म्हणालो, मीच करतो, शुद्धीवर आहे. काउंटरवरचा माणूस सभ्य होता. पण कुणीतरी जबाबदार माणूस हवंच, असं त्याचं म्हणणं. मुलाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. मी बाकावर येऊन बसलो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, अर्धं बीड ओळखीचं. पण सकाळच्या वेळी कुणाला फोन करून सहीला बोलवावं, असं एकही नाव सुचेना.

बाकावर शेजारी एक धनगर बाई बसली होती. धारूरची. तिच्या मालकाचीही अँजिओग्राफी त्याच दिवशी होती.

"गुरुजी, तुमच्या संगं कुनी न्हाई?"

"नाही."

"कावून?"

मी सहीचं अडलेलं सांगितलं. तीच उठली, काउंटरवर गेली आणि म्हणाली, "आणा तो कागद. मी करते सही."

"नातं काय लिहू?" त्यानं विचारलं.

"बहीण लिहा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चुलत का?"

"मानलेली," ती म्हणाली, आणि पदर सावरून एकेक अक्षर जोर देत सही केली.

आत नेण्याआधी डॉक्टरांनी माझा उजवा हात हातात घेतला. मूठ आवळायला सांगून मनगटाच्या दोन्ही शिरा दाबल्या. मूठ उघडली तर तळवा पांढराफटक. मग करंगळीच्या बाजूची शीर सोडली आणि हळूहळू लाली परत आली. "एक शीर आपण वापरू, दुसरी हाताला रक्त पुरवेल," त्यांनी समजावलं. मी ऐकत होतो, पण मनात वेगळंच चाललं होतं. इतका वेळ कुणी माझा हात धरून ठेवल्याला फार दिवस झाले होते.

नळी कोपरापर्यंत गेली आणि हातात कळ उठली. पिळा घातल्यासारखी.

"शीर आकसली," डॉक्टर म्हणाले. "थांबू या. औषध देतो. सर, हात सैल सोडा."

सुटेना. दात आवळून पडलो होतो. तेव्हा डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला. "काय शिकवायचा तुमी?"

"भूगोल."

"मग सांगा, सिंदफणा कुठं मिळते?"

"गोदावरीला. माजलगावच्या धरणाच्या पुढं, मंजरथला," मी म्हणालो. बोलता बोलता हात सैल झाला. नळी पुढं सरकली. एक अडथळा निघाला, एक स्टेंट बसला.

वॉर्डात आणलं तेव्हा मनगटावर पारदर्शक पट्टा होता. रक्त थांबावं म्हणून त्यात हवा भरलेली. सिस्टर थोड्या थोड्या वेळानं येऊन थोडी काढायची. पलीकडच्या खाटेवर धनगर दादा मांडी घालून बसले होते. डाव्या हातानं भाकरी मोडत बायकोला विचारत होते, मेंढरं कुणावर सोडली, पाणी पाजलं का. दुपारपर्यंत त्यांच्याकडं सात-आठ माणसं येऊन गेली. माझ्याकडं पाहून प्रत्येकानं विचारलं, "ह्ये कोन?" बाई प्रत्येकाला एकच सांगायची, "भाऊ हाय." तिनं मलाही भाकरीवर पिठलं दिलं. डाव्या हातानं नीट जेवता आलं नाही, सदऱ्यावर सांडलं. ते तिनं पदरानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सोडलं. मनगट वाकवायचं नाही, वजन उचलायचं नाही, एवढंच पथ्य. मोठं काही नव्हतं. पण एका हातानं भाकरी थापता येत नाही, टॉवेल पिळता येत नाही, हे घरी आल्यावर कळलं. चार दिवस दूध-पोहे खाल्ले. मुलगा रोज फोन करायचा. "बघा, म्हणालो होतो ना, काही नसतं," तो म्हणाला. खरंच होतं त्याचं.

महिन्यानं तपासणी चांगली निघाली. त्याच आठवड्यात एक लुगडं घेऊन मी धारूरला गेलो. गावाचं नाव तेवढं ठाऊक होतं, फोन नंबर घ्यायचं सुचलंच नव्हतं. चहाच्या टपरीवर त्या नवरा-बायकोची खूण सांगून विचारलं, तर टपरीवाला म्हणाला, "त्ये खाली उतरले, माजलगावाकडं. कुणाच्या वावरात मेंढरं बसवली असतील, काय सांगावं? लई दिवसांनी येत्यात."

मी चहा घेतला. परतीच्या एसटीला अजून तास होता. लुगडं टपरीवाल्याकडं ठेवावं असं एकदा वाटलं, मग पिशवीतच राहू दिलं.