खंडेनवमी आणि मदरबोर्डचा पासवर्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या उद्यमबागला कारखान्यात कामावर पोचले, तर आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे एका कॉम्प्युटरभोवती उभे... आणि आप्पा स्टुलावर, कपाळाला हात लावून.

आप्पा म्हणजे आमचे सगळ्यात जुने सीएनसी मशीनचे ऑपरेटर. त्यांच्या मशीनला प्रोग्राम पाठवणारा जुनाट कॉम्प्युटर वर्षानुवर्षं बंदच केला नव्हता, फक्त स्क्रीन तेवढी बंद. पण यंदा खंडेनवमीला आप्पांना वाटलं, सगळ्या मशीनला विश्रांती, मग यालाच का नाही? हळदकुंकू वाहून, हात जोडून त्यांनी तो बंद केला.

आता चालू केला तर काळ्या स्क्रीनवर एकच मागणी... पासवर्ड. विंडोजचा नाही, त्याच्याही आधीचा, मदरबोर्डचा! कुणी टाकला होता देव जाणे. बसवून देणारा माणूस कधीच बेळगाव सोडून गेलाय, त्याचा नंबरही लागत नाही.

मालकांनी रिपेअरवाल्याला बोलावलं. त्यानं बोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, दहा मिनिटांनी परत बसवला... पासवर्ड तिथंच. बोर्ड गेला म्हणाला, नवा कॉम्प्युटर घ्या.

नव्या कॉम्प्युटरला हे जुनं मशीन जोडता येत नाही. मालक हळूच म्हणाले, मग मशीनच काढून टाकू. मशीन गेलं की आप्पाही घरी बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी खानापूरकडची, इंजिनिअरिंगची डिप्लोमावाली, पण इथं डिस्पॅचचे कागद बघते... म्हणजे ऑफिसातली पोरगी. खंडेनवमीला सगळ्यांचे नट आवळायचे पाने, हातोड्या पाटावर पूजेला मांडल्या होत्या. माझा स्क्रूड्रायव्हर मात्र पर्समध्येच राहिला, कुणी मागितलाच नाही. खरं सांगते, तेव्हा लई वाईट वाटलं होतं.

तरी म्हटलं, मला बघू द्या. रिपेअरवाला हसला. हसू दे! कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात वाकून बघितलं तर बोर्डवर बारीकसा हिरवा दिवा चालूच...

रिपेअरवाल्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, पण बॅटरीवर करंट देत राहणारा यूपीएस पूजेच्या झेंडूच्या हाराखाली झाकलेला! हाराला हात कोण लावणार, म्हणून वायर तशीच राहिलेली. करंट मिळत असताना बोर्ड पासवर्ड विसरणार कसा?

यूपीएसला नमस्कार केला, हार बाजूला ठेवला आणि वायर उपटली. सेल काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं, उरलासुरला करंट जाऊ दिला. मग जुनं सेटिंग पुसायला सेलजवळच्या तीन पिनांवरची बारकी टोपी उचलून पलीकडच्या जोडीवर बसवली, थोडं थांबून परत जागेवर.

सेल, वायर लावून चालू केला. पठ्ठ्यानं आधी तारीख चुकल्याची तक्रार केली, मी एफ-वन दाबलं... आणि विंडोज उघडलं! पासवर्ड गायब! आप्पांच्या मशीननं प्रोग्राम घेतला, स्पिंडल फिरला, आणि मी अक्षरशः नाचले. रिपेअरवाला कधी सटकला कळलंच नाही.

आप्पा आत गेले आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर आले.

"तुझा स्क्रूड्रायव्हर पाटावर न्हवता गं. चुकलं आमचं. आण हिकडं."

सगळ्यांसमोर त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, लपवलंही नाही.

आता पर्समध्ये सगळीकडे कुंकू झालंय... होऊ दे. मी पुसणार नाही.