गुरुजींच्या गाडीची हवा

गेवराई तालुक्यातल्या शिक्षकांना इंग्रजी बोलण्याच्या तासाचं नियोजन शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तोवर माझा रक्तदाब नॉर्मल होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी पाठ आखून आणले. बहुतेकांचा एकच: गुरुजी पेन वर धरणार आणि विचारणार, "व्हॉट इज धिस?" एका सरांनी तर तीन वर्षं शिकवलेल्या वर्गाला "व्हॉट इज माय नेम?" विचारायचं योजलं होतं. मी भडकलेच. "अहो, पोरांना वाटेल सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय! ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही, ते विचारा."

"मॅडम, आमाला म्हाईत न्हाई हे पोरायला काहून सांगावं?" मागून आवाज आला. सगळे हसले, मी सोडून.

त्यात शिक्षण खात्याच्या साहेबांनी फर्मान सोडलं: शेवटच्या दिवशी एक गुरुजी साहेबांसमोर पाठ घेतील. पोरं इंग्रजीत बोलली नाहीत, तर हेच प्रशिक्षण दिवाळीच्या सुट्टीत परत. हॉलमधलं हसू आटलं. कुणी परळीच्या सासुरवाडीला कळवून बसलं होतं, कुणाला लेकीला आणायला जायचं होतं. चिठ्ठी टाकली तर ती निघाली पन्नाशीतल्या एका गुरुजींची. इंग्रजीचं नाव काढलं की त्यांना तहान लागायची.

त्यांचा पाचवीचा वर्ग टेम्पोतून आला. गुरुजींनी सुरुवात केली, "व्हॉट यू ईट मॉर्निंग?"

"येस सर!" अख्खा वर्ग.

"हाऊ यू कम?"

"येस सर!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आमची दिवाळी मला डोळ्यांदेखत जाताना दिसत होती. मी गुरुजींना खुणावलं, खरं विचारा, खरं! गुरुजी पाणी प्यायले आणि एकदम पोटातलं ओठांवर आलं.

"हू रिमूव्ह एअर फ्रॉम माय मोटरसायकल? डेली!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग शेवटच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "सर, मी... आय."

"व्हाय?" गुरुजी ओरडलेच.

"सर, यू गो होम फास्ट. नो एअर, यू सिट. पंप कम लेट. यू टेल स्टोरी."

कुणीतरी टाळी वाजवली आणि हॉल दणाणला. दिवाळी वाचली! मीही वाजवत होते. मग पोरगी काय बोलली ते डोक्यात शिरलं आणि माझे हात थांबले. शाळा सुटण्याआधी गुरुजी घरी पळतात, हे तिने साहेबांच्या तोंडावर सांगितलं होतं. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेब पुढे वाकले. "बेटा, सर डेली गो फास्ट?"

पोरीने गुरुजींकडे पाहिलं. तिला उमगलं. ती घाईघाईने म्हणाली, "नो सर! वन डे. ओन्ली वन डे. स्टमक पेन."

रोज हवा सोडणारी पोरगी बेधडक इंग्रजीत थाप मारत होती. साहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं, म्हणाले, "सुट्टी मंजूर. गुरुजी, पोटाची काळजी घ्या." आणि चहाला उठले.

सगळे त्यांच्यामागे गेले. गुरुजी मात्र खुर्चीतच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले, तर डोळे पुसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मला वाटायचं, मी लवकर गेलो की पोरं लई खूश होतेत."