होल्टच्या एविंदूरचे तीन प्रश्न

पूल नसलेल्या काल्दा नदीत गाडी घालून बसलेल्या पाहुण्याला एविंदूर आधी बाहेर काढायचा आणि मग झापायचा. हा क्रम त्याने कधी बदलला नाही. ट्रॅक्टरला साखळी लावून गाडी काठावर ओढली, की दोन्ही हात कमरेवर ठेवून तो विचारायचा, "आधी पायी उतरून पाणी बघितलंत? इथल्या कुणाला विचारलंत? आणि घाई कसली होती?" उत्तरं त्याला पाठच होती. बघितलं नव्हतं, फोनमध्ये तर रस्ता दिसत होता, आणि अंधार पडायच्या आत धबधबा गाठायचा होता. जूनमध्ये आइसलंडला अंधार पडतो असं ज्याला वाटतं त्याच्यापुढे काय डोकं फोडणार! मग तो त्यांना होल्टला, आपल्या घरी न्यायचा, त्यांचे ओले मोजे वाळत घालायचा, आणि बायको हाल्बेरा रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा लावून गरम पॅनकेक वाढायची. पाहुण्याने पाकीट काढलंच तर एविंदूरचा चेहरा असा व्हायचा की ते आपोआप खिशात परत जायचं.

पाहुण्यांच्या करामती सांगताना गावच्या दुकानात त्याला भारी रंग चढायचा. कुणी वाऱ्याकडे तोंड न करता गाडी उभी केली आणि दार उघडलं, तर दारच उलटं फिरून बसलं. कुणी घोड्याला पाव चारायला गेला आणि घोड्याने हातमोजासुद्धा खाल्ला. मेंढी रस्त्याच्या या अंगाला आणि कोकरू त्या अंगाला दिसलं, की मेंढी मध्ये उडी घेणारच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याला वाटतं, ती त्याला वाट देण्यासाठी थांबली आहे.

"कटकट आहे नुसती," असं म्हणून तो उठायचा आणि घरी येऊन दुर्बीण घेऊन खिडकीत बसायचा. कुणी अडकलंय का बघायला. त्या खोऱ्यात त्यांचं एकच घर, मुलं रेक्याविकला, बोलायला माणूस नाही. एखाद्या आठवड्यात कुणीच अडकलं नाही तर हा कुत्र्यावर खेकसायचा. हाल्बेराला सगळं कळत होतं.

म्हणूनच पुलाचं घोडं अडलं होतं. सरकार पूल बांधायला तयार होतं, पण त्याचं एक टोक होल्टच्या कुरणात येणार होतं आणि एविंदूर दोन वर्षं होकार देत नव्हता. पूल झाला तर नदीत अडकणार कोण? हाल्बेरा गावच्या चर्चमध्ये गायची. आवाज असा की पाद्रीबुवासुद्धा डोळे मिटायचे. पण चर्च नदीपलीकडे. पाणी चढलं की तिचं गाणं बुडालं.

"या खेपेला राष्ट्रदिनाला मी एकटी गाणार आहे," ती म्हणाली. "तेही चुकलं, तर हिवाळ्यात मी पलीकडे इंगुनच्या घरी जाऊन राहीन." इंगुन ही तिची चर्चमधली गाणारी मैत्रीण.

"चुकेल कसं? ही नदी मला विचारून वाहते."

"तिला कुणी सांगितलंय का तसं?"

राष्ट्रदिनाच्या सकाळी हाल्बेराने काळा झगा, चांदीचा पट्टा आणि गोंड्याची टोपी असा सगळा जामानिमा केला. एविंदूरने जुनी जीप काढली. तीन दिवस कडक ऊन पडलं होतं, डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी गढूळ झालं होतं. काठावर उटे नावाच्या जर्मन बाईची उंचच उंच गाडी उभी होती. ही उटे गेल्याच आठवड्यात इथे अडकली होती, पॅनकेक आणि बोलणी दोन्ही खाऊन गेली होती. आता ती कमरेला दोर बांधून, हातात काठी घेऊन पाण्यात पाऊल पाऊल टाकत होती.

"बघ बघ," एविंदूर खूश होऊन म्हणाला, "मीच शिकवलंय. पण या वेगाने बाई नाताळात पोचेल!"

"तूही एकदा उतरून बघ ना."

"मी? माझ्या नदीत?" आपल्या नदीत पाय घालून बघणं म्हणजे आपल्याच घराचं दार ठोठावणं, असं होल्टच्या माणसांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मत. त्याने नेहमीच्या जागी जीप घातली. नदीने मात्र त्या तीन दिवसांत नेहमीची जागा बदलली होती. मधोमध पुढची चाकं खाली गेली, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पाणी दाराच्या फटीतून आत आलं.

हाल्बेराने झगा दोन्ही हातांनी वर धरला. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मी इंगुनला आजच सांगते रे."

तेव्हा एविंदूर घाबरला. पाण्याला नाही. दुर्बीण घेऊन बसलेला तो, आणि मागे गार पडलेली चूल, हे त्याला डोळ्यांसमोर दिसलं.

उटेने काठीने शोधलेल्या उथळ जागेतून पलीकडच्या काठावर आपली गाडी नेली, दोर बांधला आणि जीप ओढून काढली. मग तिने त्यांना गाडीत बसवलं, कॉफी दिली, एविंदूरची ओली विजार काढायला लावून त्याला आपली जांभळी खेळाची विजार दिली. आणि सगळं झाल्यावर कमरेवर हात ठेवले.

"आधी पायी उतरून पाणी बघितलंत?"

एविंदूरने जांभळी विजार गुडघ्यांवरून खाली ओढली.

"कुणाला विचारलंत? मी तर शेजारीच उभी होते."

तिसरा प्रश्न विचारायच्या आधीच हाल्बेरा फसकन हसली आणि कॉफी थेट चांदीच्या पट्ट्यावर सांडली.

तिने गायलं. एविंदूर जांभळी विजार घालून पहिल्या बाकावर बसला होता. सगळं गाव त्या विजारीकडे बघत होतं आणि तो फक्त हाल्बेराकडे. बाहेर येताच त्याने गावप्रमुख थोरारिनला गाठलं.

"बांधा तुमचा पूल. पण माझ्या घरासमोरूनच. आणि माझ्या बाजूच्या टोकाला गाड्या थांबायला रुंद जागा ठेवा."

"ती कशाला?"

"लोक पुलाच्या मधोमध गाडी थांबवून फोटो काढणार. कुणीतरी जाऊन झापायला नको?"

"आणि झापून झाल्यावर?" हाल्बेराने मागून विचारलं.

"घरी आणायचं." त्याने विजारीची नाडी उगाच घट्ट केली. "तू असलीस तर पॅनकेक मिळतील त्यांना."

"असेन की," हाल्बेरा म्हणाली. "पूल झाला की कुठेही गेले तरी परत येता येईल मला."