मेन स्विचच्या अलीकडचा दिवा

बॅटरी उतरणे आणि बॅटरी मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते. मेलेली बदलावी लागते. मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि विद्युतधारेचा पाठ मला तोंडपाठ होता. परंतु हा फरक मी फळ्यावर कधी लिहिला नाही, कारण तो पुस्तकात नव्हता. तो मला निवृत्तीनंतर, श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत, एका उभ्या गाडीत गुडघे टेकून शिकावा लागला.

माझे पती न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनच्या विजेचे काम पाहत. नोकरी संपल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. वादळात वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्यामुळे जो तुकडा उघडा पडला होता, तिथे ती उभी करून त्यांनी तिचे मोटारहोम केले. आत दोन माणसांचा पलंग, लहानसा ओटा, फ्रिज, टपावर सौर पॅनल आणि पलंगाखाली एकमेकींना जोडलेल्या दोन बॅटऱ्या. सगळे वायरिंग त्यांच्या हातचे. त्याची आकृती मात्र त्यांनी काढली नाही. मी आठवण केली की म्हणत, "माझ्या डोक्यात आहे ना, बाई." सारे गाव मला बाई म्हणते, म्हणून तेही चिडवायला बाईच म्हणत.

मग त्यांना पक्षाघात झाला आणि आकृती डोक्यातच राहिली.

उजवी बाजू गेली, तशी भाषाही गेली. उरला एकच शब्द, 'हो'. पाणी हवे का, हो. नको का, तरीही हो. आमच्या संसारात मी केलेल्या प्रत्येक विधानाला ते आधी 'नाही' म्हणत आणि मग विचार करायला बसत. भांडणात मी पुष्कळदा मनात म्हटले असेल की हा माणूस एकदा तरी 'हो' म्हणेल का. आता ते दिवसभर 'हो' म्हणत.

सकाळी त्यांना पडवीत खुर्चीवर बसवले की ते डावा हात उचलून गाडीकडे दाखवत. रोज. मी त्याचा अर्थ असा लावला की त्यांना गाडीतून समुद्रावर जायचे आहे. श्रीवर्धनहून दिवेआगरकडे जाताना सुरूच्या झाडांची एक जागा लागते. तिथे गाडी लावून आम्ही कितीतरी रात्री काढल्या होत्या.

"तिकडे जायचंय?"

"हो."

या उत्तराला प्रमाण मानता येत नव्हते, पण हात खोटे बोलत नसावा. तेव्हा मी ठरवले की एक रात्र त्यांना तिथे न्यायचे. अडचण एकच होती. झोपेत त्यांचा श्वास अडखळे, म्हणून नाकावर मुखवटा बसवून हवा देणारे यंत्र रात्रभर चालू ठेवावे लागे. ते मध्येच बंद पडता कामा नये, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते. घरात वीज होती, इन्व्हर्टर होता. समुद्रावर फक्त त्या दोन बॅटऱ्या होत्या. आणि त्या उतरत होत्या.

चार्जर लावून भरल्या की मीटर बारा पूर्णांक सात व्होल्ट दाखवी. मेन स्विच बंद करून, दार लावून मी घरात येई. काही दिवसांनी पाहावे तर दोन्ही रिकाम्या. हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झाले. आम्ही मुंबईच्या इस्पितळात असताना गाडीच्या टपावर ताडपत्री घातली होती. ती पावसामुळे तशीच राहिल्याने पॅनलही झाकलेले होते. परंतु ऊन मिळत नाही म्हणून बॅटरी भरणार नाही एवढेच. उतरण्यासाठी काहीतरी वीज खाणारे हवे.

शेजारी एक जण पर्यटकांना खोल्या देतो. गाडीचे चाक बदलणे, पंप उघडणे त्याला जमते. त्याला मी बोलावले.

"बाई, न्हाय टिकायची ही," तो म्हणाला. "म्हातारी झाली. बदलून टाका."

"कारण कळल्याशिवाय बदलायची नाही. नवीही अशीच उतरली तर?"

"तर मग गाडीच बदला." तो हसला. "या डब्याला भूत हाय. रोजचं येतंय आणि वीज पिऊन जातंय."

"असेल तर तेही मीटरवर दिसेल."

"बरं झालं तुमच्या शाळेत न्हवतो. नापास झालो असतो."

"माझ्याच शाळेत होतास. आणि झालाही होतास."

"व्हय," तो मीटरच्या वायरी हातात घेत म्हणाला, "सायन्समधीच."

पडवीतून आमच्याकडे पाहत बसलेले माझे पती म्हणाले, "हो." आम्ही दोघेही हसलो.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. बॅटरीच्या ऋण टोकावरची जाड केबल सोडवायची आणि टोक व केबल यांच्यामध्ये मीटर जोडायचा. गाडीतून जी काही वीज वाहत असेल, तिला आता मीटरमधूनच जावे लागते. मग एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर. मी मेन स्विच बंद करून मीटर जोडला. आकडा शून्य. फ्यूज काढायची वेळही आली नाही. मी मीटर तपासला, टॉर्चच्या बल्बवर पडताळून पाहिला. मीटर ठीक होता. गाडी काहीच खात नव्हती आणि बॅटऱ्या तरीही उतरत होत्या.

विद्यार्थ्यांना मी सांगत असे की उत्तर अशक्य आले तर निसर्गावर रागावू नये. आपण काय धरून चाललो आहोत ते पाहावे. मी हे धरून चालले होते की बॅटऱ्यांमधून बाहेर पडणारी प्रत्येक वाट त्या जाड केबलवरूनच जाते.

मग मी दोन बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवल्या. दोन्ही भरून, सुट्या ठेवून वाट पाहिली. पुढची होती तशीच राहिली. मागची उतरली. मागची बॅटरी पलंगाखाली अगदी भिंतीला लागून होती. पुढची बाहेर काढल्याशिवाय तिचे तोंडही दिसत नसे. शेजाऱ्याने पुढची उचलून बाजूला केली आणि मी टॉर्च घेऊन आत वाकले. तिच्या दोन टोकांवरून दोन बारीक वायरी निघाल्या होत्या, एक लाल आणि एक काळी. मेन स्विचच्या अलीकडूनच त्या परस्पर भिंतीत शिरत होत्या. वितीवितीवर मेणदोऱ्याची गाठ होती. तशी गाठ फक्त माझे पती मारत, क्रेनवरची सवय. मध्ये एक छोटा फ्यूजही होता. आग लागू नये याची काळजी त्यांनी घेतली होती. मला मात्र सांगितले नव्हते.

वायरी हाताने चाचपत मी वर गेले आणि ओट्यावरच्या देव्हाऱ्याशी पोचले.

त्या देव्हाऱ्यात कुलदेवीची लहान तसबीर असे आणि तिच्यापुढे विजेचा लाल दिवा. नवा एलईडी मला देवापुढे कोरडा वाटला, म्हणून मी हट्टाने जुना, तारेचा बल्ब बसवून घेतला होता. आमच्या घरी नंदादीप विझू देत नाहीत. गाडी वाडीत परतली, मेन स्विच बंद झाला की हा विझे, आणि ते मला खुपत असे.

"नंदादीप अखंड असतो," मी एकदा म्हटले होते. "आपला गाडीबरोबर विझतो."

"नाही. गाडी बंद म्हणजे सगळं बंद. मेन स्विचपुढे कुणाचा वशिला चालत नाही."

"देवीचाही?"

"तिला म्हण, आधी युनियनचं कार्ड काढ."

देवापुढे त्यांनी कधी हात जोडले नाहीत. म्हणून मी तो विषय सोडून दिला. त्यांनी तो सोडला नव्हता. कोणत्या तरी दुपारी, मी घरात असताना, त्यांनी दिवा थेट बॅटरीला जोडला होता आणि तोंडाने 'नाही' हेच उत्तर कायम ठेवले होते. पॅनलला ऊन मिळत होते तोवर दिव्याचा खर्च भरून निघत असे. पॅनल झाकले गेले आणि बंद दारांमागे तो दिवा बॅटऱ्या संपवत राहिला. इस्पितळातून परतल्यावर मी तसबीर घरात आणली, तेव्हा बॅटऱ्या आधीच उतरल्या होत्या. अंधारा दिवा पाहून मला काहीच वेगळे वाटले नाही; देव्हाऱ्याची दारे लावली, ती पुन्हा उघडलीच नाहीत.

मी पडवीत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटले, "सापडली गळती. देव्हाऱ्यातला दिवा."

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "हो," ते म्हणाले.

तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले, की रोज गाडीकडे उठणारा तो हात कदाचित एवढेच सांगत असेल.

दिव्याला मी वेगळा स्विच बसवला आणि तो बंद केला. बॅटऱ्या टिकल्या. पाऊस संपून वाळू घट्ट झाल्यावर शेजाऱ्याने गाडी सुरूच्या झाडांखाली नेऊन लावली. "भाऊ, काही लागलं तर बाईंना ओरडा, मला न्हाय," असे त्यांना सांगून तो एसटीने परत गेला. संध्याकाळी मी यंत्र जोडले. सकाळी जागी झाले तेव्हा ते एकसारखे चालू होते. मीटर पाहिला. बारा पूर्णांक एक.

"पुरली," मी म्हटले.

"हो."

मी त्यांना उशीला टेकवून बसवले आणि समुद्राकडची खिडकी उघडली. ओहोटी होती; ओली वाळू दूरवर चमकत होती. त्यांनी डावा हात उचलला, पण खिडकीकडे नव्हे. देव्हाऱ्याकडे.

"तसबीर घरी आहे," मी म्हटले.

"हो." हात तसाच राहिला.

मी देव्हाऱ्याची दारे उघडली. फळीवर तसबिरीच्या जागी एक न विटलेला चौकोन होता. स्विच दाबला. लाल दिवा त्या रिकाम्या चौकोनावर लागला आणि त्यांचा हात मांडीवर आला. निघेपर्यंत ते तिकडेच पाहत होते. समुद्राकडे त्यांनी त्या सकाळी फारसे पाहिले नाही.

त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

पडवीतून गाडीकडे उठणाऱ्या त्या हाताला समुद्र हवा होता की दिवा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोन शक्यता एकमेकींत गुंतल्या असतील तर त्या सोडवाव्यात, सुट्या ठेवून वाट पाहावी, असे मी आयुष्यभर शिकवले. येथे वाट पाहून काही कळणार नाही.

तसबीर मी पुन्हा गाडीत नेऊन ठेवली आहे आणि तिच्यापुढचा दिवा चालू ठेवला आहे. यंदा पाऊस आला तरी टपावर ताडपत्री घातली नाही.